बुजवलेली भोकं

डॉक्टरांची गाडी आली तेव्हा मी झाडू मारत होते. आमचं वर्कशॉप गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर, पेट्रोल पंप आणि लाकडाच्या वखारीच्या मधोमध आहे. वर पत्रा, तीन बाजूंना भिंती, पुढं सरकतं शटर. वखारीची करवत चालू झाली की आमच्याकडे ओल्या लाकडाचा वास भरतो, आणि आमचा ग्राइंडर चालू झाला की वखारवाला आमच्या नावानं खडे फोडतो. बावीस वर्षं हे असंच चाललंय.

वर्कशॉप बाबांचं. वेल्डिंग मी त्यांच्याकडूनच शिकले. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली तेव्हापासून ते कामाला हात लावत नाहीत, पण घरात जीव रमत नाही म्हणून रोज माझ्याबरोबर येतात. लोखंड पकडायच्या वाइसशेजारी स्टुलावर बसतात आणि नुसत्या आवाजावरून माझ्या चुका काढतात. "करंट जास्त ठेवलायस," लांबूनच म्हणतात. आणि जास्तच असतो.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. पन्नाशीचे, ठेंगणे, बोलताना दोन्ही हात हलवणारे. डोंगरातल्या मेंढपाळांच्या वस्त्या त्यांच्याकडे होत्या.

"माझे पेशंट दवाखान्यात येत नाहीत, ताई," ते म्हणाले. "मलाच त्यांच्या दारी जावं लागतं. आणि त्यांना दारही नसतं."

गाडी दणकट होती, चारही चाकांना जोर देणारी. अडचण एवढीच की स्टेपनी पोटाखाली टांगलेली. खडकाळ वाटेवर ती सारखी घासायची, आणि चिखलात रुतल्यावर खाली सरपटून ती काढायची म्हणजे नाकी नऊ यायचे. त्यांना ती मागच्या दाराबाहेर हवी होती, बिजागरीवर उघडणाऱ्या कॅरिअरवर. असली कॅरिअर मी चाळीसेक तरी बनवली असतील. तीन दिवस लागतील म्हटलं. किल्ली देऊन, बाबांना "येतो काका" म्हणून ते बसनं गेले.

मी आधी मागच्या दाराची मापं घेतली. दारावर उजवीकडे, बरोबर कमरेच्या उंचीवर, रंगात एक गोल डाग होता. रुपयाएवढा, रंग चमक जाऊन मऊ झालेला. बंद कॅरिअरचा रबरी ठोकळा दाराला टेकतो आणि गाडी चालताना बारीक बारीक घासतो, तेव्हा असा डाग पडतो. पाच-सहा वर्षं तरी लागतात. ही गाडी चार महिन्यांची होती. आतल्या सीटांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं.

काहीतरी टेकवून ठेवत असतील, असं म्हणून मी पुढच्या कामाला लागले.

मागचा बंपर उतरवला. बंपरच्या आड चॅसीचा, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा, आडवा तुकडा असतो, कॅरिअरची प्लेट तिथं बसते. चार बोल्ट, चार भोकं. माझ्या प्लेटवर भोकांमधलं अंतर आडवं एकशे बारा आणि उभं एकोणनव्वद मिलिमीटर. हे काही कुणाच्या डोक्यात येणारे आकडे नाहीत. बाबांनी फार वर्षांपूर्वी पहिली प्लेट भंगारातल्या एका तुकड्यावर बेतली, तुकडा तेवढा होता म्हणून मापं तेवढी झाली, आणि मी तीच पुढे चालवली. आणखी कुणाच्या कॅरिअरला ही मापं असायचं काही कारण नाही.

मी खडूनं चार खुणा केल्या. चौथी खूण करताना खडू अडखळला. रंगाखाली फुगवटा होता, शर्टाच्या गुंडीएवढा. मग बाकीच्या तीन खुणांवरून बोट फिरवलं. तिथंही होते. चारही फुगवटे माझ्या खुणांच्या बरोबर खाली.

कानशीनं एकावरचा रंग खरवडला. वरचा थर, खालचा राखाडी थर, त्याखालचा हिरवट थर. कारखान्यातून येतात तसे, एकसारखे. बाहेर रंगवलेली गाडी मला लगेच कळते. त्या सगळ्या थरांच्या खाली वेल्डिंग होतं. कुणीतरी भोक पाडून पुन्हा बुजवलं होतं, आणि त्यानंतर कारखान्यात गाडीला रंग लागला होता.

मी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, गाडी नवीच घेतलीत ना?"

"कोरी करकरीत. का हो?"

"मागं कुणी काही बसवलं होतं का?"

"शोरूममधून निघाल्यापासून माझ्याशिवाय कुणी स्टिअरिंगलासुद्धा हात लावला नाही. काही बिघाड आहे का?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "सहज विचारलं."

फोन ठेवला आणि लक्षात आलं की मी सहज विचारलं नव्हतं, आणि हे त्यांना सांगितलंही नव्हतं.

"काय झालं गं?" बाबांनी स्टुलावरून विचारलं.

मी त्यांना हात धरून गाडीमागं आणलं आणि त्यांचा अंगठा त्या खरवडलेल्या जागेवर ठेवला. बाबा हातानं वेल्डिंग वाचतात. कुणाच्या हातचं आहे, घाईतलं आहे की सावकाशीचं, सांगतात. बहुधा बरोबर सांगतात. अंगठा त्या गुंडीवरून एकदा फिरला, मग उलटा फिरला. मग त्यांनी दुसरी गुंडी खरवडायला सांगितली. तिच्यावरूनही अंगठा फिरवला.

"यात काय विचारायचंय?" ते म्हणाले. "तुझं आहे."

"बाबा, ही गाडी मी आज पहिल्यांदा बघतेय."

"शेवटी आत वळलंय बघ. तू हात उचलताना मनगट वळवतेस. किती ओरडलो मी त्यावरून."

मी डावखुरी आहे. माझी वेल्डिंगची रेघ उलट्या दिशेनं चालते आणि तिच्यावर माशासारखे खवले उठतात त्यातला शेवटचा आकड्यासारखा आत मुडपतो. मी उरलेल्या दोन गुंड्याही खरवडल्या आणि बॅटरी धरून पाहिलं. चारही गुंड्यांत, प्रत्येकीच्या मधोमध, तो आकडा होता.

बाबा बराच वेळ चिंधीनं अंगठा पुसत राहिले. अंगठ्याला काहीच लागलेलं नव्हतं.

"हे तुझं आहे, पण आजचं नाही," शेवटी म्हणाले. "इतकं जपून तू अजून करत नाहीस."

त्या दिवशी मी पुढं काही केलं नाही. रात्रभर माझं डोकं कारणं शोधत राहिलं. अपघातातली गाडी दुरुस्त करून नवी म्हणून विकली असेल. माझं कॅरिअर बघून कुणी मापं उचलली असतील. जगात डावखुरे वेल्डर शेकड्यांनी असतील. एकेक कारण सुटं सुटं पटत होतं. सगळी एकत्र धरली की हातातून निसटत होती.

सकाळी एक गोष्ट मात्र स्पष्ट होती. बुजवलेल्या भोकात पुन्हा भोक पाडायचं नसतं. तिथलं लोखंड कडक आणि ठिसूळ झालेलं असतं, भार आला की तडकतं. यात गूढ काही नाही, हा साधा कामाचा नियम आहे. मी प्लेट दीडशे मिलिमीटर वर सरकवली, नवी भोकं पाडली, आतून जाड पट्टी दिली. दोन दिवस खपून पाइप कापले, वाकवले, जोडले. बोल्ट पिळून झाल्यावर प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. अर्धी बोल्टवर, अर्धी प्लेटवर. बोल्ट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्टेपनी चढवली आणि कॅरिअर लोटलं. ते मऊ फिरलं आणि खटका बसला.

पहिल्याच फटक्यात बसला. चाळीस कॅरिअरांत असं कधी झालं नव्हतं. दरवेळी वॉशर घाला, काढा, पुन्हा घाला, असा तासभर तरी जातो.

मी रबरी ठोकळा बघायला वाकले. प्लेट वर सरकवली म्हणजे ठोकळाही डागाच्या दीडशे मिलिमीटर वर टेकायला हवा होता. तो त्या गोल डागावर बसला होता. काठाला काठ लावून, बाटलीला झाकण बसावं तसा. मी पट्टी घेऊन जमिनीपासून प्लेट मोजली, मग ठोकळा मोजला. दोन्ही मापं बरोबर होती. ती एकमेकांशी जुळत नव्हती, इतकंच.

डॉक्टर गाडी न्यायला आले तेव्हा खूश झाले. कॅरिअर तीन-चारदा उघडून मिटून बघितलं. मला त्यांना सांगायचं होतं. पण सांगणार काय? तुमच्या गाडीला मी आधीच हात लावलेला आहे, कधी ते मला माहीत नाही?

"डॉक्टर, एक लक्षात ठेवा," मी म्हटलं. "हे फक्त चाकाचं वजन पेलायला आहे. गाडी कुठं अडकली तर याला दोर बांधून ओढायचं नाही. ओढायचा हुक खाली आहे."

"बरं."

"कुणी कितीही घाई केली तरी नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई, माझ्या पेशंटांना बोलता येत नाही, तरी मी त्यांचं ऐकतो. तुम्ही तर बोलताय. बांधणार नाही."

गाडी गेल्यावर बाबा म्हणाले, "सांगायला हवं होतंस."

"काय सांगायला हवं होतं?"

त्यांनी चाचपडत स्टूल गाठलं.

पुढचे सात महिने फोन वाजला की आधी डॉक्टरच मनात यायचे. कितीदा नंबर काढला आणि ठेवून दिला. पूर्वी माझ्या हातून काम सुटलं की ते डोक्यातूनही सुटायचं. आता रस्त्यावर मागं स्टेपनी असलेली कुठलीही गाडी दिसली की मी वळून बघायचे.

एके दिवशी दुपारी तीन वाजता टोइंगची गाडी दारात थांबली. मागं डॉक्टरांची गाडी, पुढचा भाग चेपलेला. मी धावत बाहेर आले. मग टोइंगवाल्याच्या शेजारून डॉक्टर उतरले, एक हात गळ्यात अडकवलेला, तोंडभर हसत.

"तुमचं ऐकलं नाही बघा, ताई," ते म्हणाले.

तीन आठवड्यांपूर्वी वरच्या वस्तीवरून ते खाली येत होते. शेजारी एक मेंढपाळ म्हातारी, तिच्या मांडीवर आजारी करडू. वळणावर रस्त्याची कडा खचली आणि गाडीचं तोंड दरीत गेलं. मागची चाकं जमिनीवरून उचलली गेली. गाडी झोके खात होती. वरून माणसं दोर घेऊन धावत आली. हुक गाडीच्या खालच्या अंगाला, आणि त्या हलत्या गाडीखाली जायला कुणी धजेना. हाताला लागलं ते कॅरिअर. त्यांनी दोर त्यालाच बांधला आणि झाडाला वेढे दिले.

"मी आतून नाही नाही म्हणून ओरडत होतो. तुमचा आवाज कानात होता. पण ऐकतो कोण? पस्तीस मिनिटं, ताई. पस्तीस मिनिटं अख्खी गाडी तुमच्या कॅरिअरवर होती. आधी करडू बाहेर काढलं, मग म्हातारी, मग मी."

"होणं शक्य नाही," मी म्हटलं. "दोन टनांची गाडी आहे. पहिल्या झटक्यात प्लेट उपटून यायला हवी होती."

"नाही आली ना!" त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी बाबांचे हात हातात घेतले. "काका, पोरीच्या हातात जादू आहे तुमच्या."

बाबांनी हळूच हात सोडवून घेतले.

गाडी खाली उतरवून टोइंगवाला गेला. डॉक्टर पंपावर तोंड धुवायला गेले. मी बॅटरी घेऊन गाडीमागं गेले, बंपरचे चार स्क्रू काढले आणि तो बाजूला ठेवला.

माझी प्लेट जागच्या जागी होती. सरळ, ओरखडाही नसलेली. चारही बोल्टांवरच्या पिवळ्या रेघा अखंड होत्या. एकही बोल्ट केसभर फिरला नव्हता, एकाच्याही कडेचा रंग तडकला नव्हता. भार त्यांच्यावर आलाच नव्हता.

मी बॅटरी खाली वळवली.

त्या चार गुंड्या आता तिथं नव्हत्या. तिथं चार भोकं होती, आरपार. भोवतालचं लोखंड एकाच दिशेला ओढलं गेलं होतं, लांबट झालं होतं, आणि तरी फाटलं नव्हतं. त्या रिकाम्या भोकांनी काहीतरी धरून ठेवलं होतं.

"काय दिसतंय?" बाबांनी विचारलं.

गाडी तीन आठवडे बंद होती, सकाळपासून टोइंगच्या पाठीवर वाऱ्यात होती. चॅसीला हात लावला, गार होती. प्लेट गार होती. बोल्ट गार होते.

मी एका भोकात करंगळी घातली. आत धारेवर बारीक चुरा होता, चकचकीत, गंज न चढलेला.

भोक कोमट होतं, ड्रिल नुकतंच बाहेर काढल्यासारखं.