भोपळ्याची सर्दी

“नसीमला सर्दी झालीय का गं?” नानांनी विचारले.

तहसीनने मान वाकडी करून पुन्हा ऐकले. टेबलावरच्या भोपळ्यातून तिच्या थोरल्या बहिणीचा, नसीमआपाचा निरोप वाजत होता. आपा चंद्रावरच्या संशोधन केंद्रात भाज्या पिकवण्याचे काम करायची.

“नाना,” निरोपात आपा म्हणत होती, “इथे आता चौदा दिवसांची रात्र सुरू होईल. सूर्य नाही, म्हणून वीज मोजून मिळते. गाण्यासाठी फक्त दोन वॉट! प्रत्येक जण कानात इअरफोनची बोंडं खुपसून एकटा ऐकत बसतो. मला तुमचा तानपुरा सगळ्यांबरोबर ऐकायचाय. पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन स्पीकर पाठवाल? दोन्ही मिळून चार किलोंच्या आत हवेत. यान शनिवारी सुटतंय. पुढचं थेट चार महिन्यांनी.”

आज गुरुवार होता. नाना मिरजेत पन्नास वर्षे तानपुरे बनवत होते. निरोप पहिल्यांदा ऐकताच त्यांनी सरळ तानपुऱ्यासाठी वाळवून ठेवलेला आपला सगळ्यात सुरेल भोपळा उचलला, त्याला गोल भोक पाडले आणि त्यात ड्रायव्हर (विजेच्या इशाऱ्यावर पुढेमागे हलून हवा ढकलणारा भाग) बसवला. आवाज आला, पण आपा विहिरीत बसून, नाक चोंदलेले असताना बोलत असावी, तसा!

तहसीनने हवामानाची बातमी लावली. निवेदकालाही सर्दी. तिने गाणे लावले. गायिकेलाही सर्दी.

“सगळ्यांना एकच सर्दी कशी होईल?” ती पुटपुटली आणि एकदम ओरडली, “नाना, सर्दी त्यांना नाही, भोपळ्याला झालीय!”

“निदान बरोबर,” कोपऱ्यातून टकटक म्हणाला. टकटक हा नानांच्या कारखान्यातला यंत्रमानव. लोखंडी बोटाने भोपळे वाजवून चांगले निवडणे हे त्याचे काम. त्याने बोट आपटले. “दर सेकंदाला दोनशे दहा कंपनं. हा या भोपळ्याचा स्वतःचा सूर. त्याच्या आसपासचा कुठलाही आवाज आला, की भोपळाही सोबत गायला लागतो. याला अनुनाद (आपल्या सुराची हाक ऐकून वस्तूनं थरथरणं) म्हणतात.”

“गाणारच!” नाना फणकारले. “मी काय मुका भोपळा निवडीन होय, टिनपाटा?”

“तानपुऱ्याचं काम गाणं आहे, नाना. स्पीकरचं काम दुसऱ्याचं गाणं पोचवणं. पोस्टमननं तुमच्या पत्रात स्वतःच्या चार ओळी घुसडल्या तर चालेल?”

नाना भोपळ्यावरून हात फिरवत राहिले.

“मग भोपळाच नको. नुसता ड्रायव्हर पाठवू,” तहसीन म्हणाली. तिने ड्रायव्हर बाहेर काढून वाजवला. सर्दी गेली खरी, पण आवाजही डास गुणगुणल्यासारखा बारीक झाला. खालचे सूर गेले कुठे?

टकटकने दोन्ही तळवे हवेत हलवले. “ड्रायव्हरचा कागदी शंकू पुढे आला, की पुढे हवेची गर्दी होते आणि मागे जागा रिकामी होते. खालच्या सुरांत शंकू सावकाश हलतो. तेवढ्या वेळात पुढची गर्दी कडेनं वळून मागची रिकामी जागा भरून टाकते. तुझ्या कानापर्यंत यायला उरतंच काय?”

“म्हणून मागची वाट बंद करायची,” तहसीन हळूहळू म्हणाली. “म्हणजे पेटी तर हवीच. पण मुकी पेटी!”

आता ड्रायव्हर कोणता घ्यायचा? नानांच्या खणात दोन जोड्या होत्या. एक नवी, जाड रबरी काठाची, हातात घेतली की जड लागणारी. दुसरी जुन्या रेडिओग्राममधून (रेडिओ आणि तबकड्या वाजवणारी जुनी पेटी) काढलेली. तिचा शंकू मोठा, पण पापडासारखा हलका.

“ही नवी! मजबूत आहे,” तहसीन म्हणाली.

“दोन वॉटवर लावून बघ,” टकटक म्हणाला.

नवा ड्रायव्हर कुजबुजला. जुन्याने मात्र खोली भरून टाकली. तहसीन आ वासून बघत राहिली.

“जुन्या जोडीची संवेदनशीलता (थोड्याशा विजेत किती मोठा आवाज निघतो त्याचं माप) सहा डेसिबलनं जास्त आहे,” टकटक म्हणाला. “दर तीन डेसिबलला वीज दुप्पट लागते. सहा म्हणजे दोनदा दुप्पट, म्हणजे चौपट. जुनीचं काम दोन वॉटमध्ये होतं, तर नवीला आठ लागतील.”

“आणि आपाकडे दोनच आहेत.”

“आमच्या लहानपणी आवाज वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायरच अशक्त असायचे,” नाना म्हणाले. “म्हणून ड्रायव्हर हलक्या अंगाचे करायचे.”

“पण एक तोटा आहे. एवढ्याशा पेटीत हिच्यातून अगदी खालचे सूर दबून येतील. हलका शंकू, लहान पेटी आणि खोल सूर, तिन्ही एकदम मिळत नाहीत,” टकटक म्हणाला.

“तिला ढोल कुठे वाजवायचाय? खर्ज थोडा दबेल. पण तानपुऱ्याचा जीव तारेच्या वरच्या सुरांत असतो,” नानांनी निकाल दिला.

टकटकने जाड लाकडाच्या पेटीचा आराखडा काढला. जाड लाकूड सहजासहजी थरथरत नाही. पण हिशेब आला नऊ किलो! पातळ प्लायवुडची पेटी वजनात बसत होती, पण ठोकली की ढोलकीसारखी वाजत होती. शुक्रवारची दुपार झाली. तहसीनला रडू फुटायच्या बेतात होते.

नाना पेटीवर बोटाच्या पेराने ठोकत होते. ठक. ठक. ठुम्. “इथे बोलतेय बघ ही.”

“तानपुऱ्यात अशी बोलणारी जागा सापडली की तुम्ही काय करता, नाना?” तहसीनने विचारले.

“मोकळी सोडतो. तिथे काही चिकटवलं तर सूर मर...” नाना थांबले. त्यांनी तहसीनकडे पाहिले, तहसीनने त्यांच्याकडे. आणि नाना एवढ्या मोठ्याने हसले, की भिंतीवरचे तानपुरेही झंकारले.

“जन्मभर जी जागा सांभाळली, तिथेच लाकडी पट्टी मारायची म्हणतेस! आण तो सरस!”

टकटकने पट्टीची खूण पेटीच्या फळीच्या बरोबर मध्यावर केली. नानांनी ती पुसली आणि दोन बोटे बाजूला केली.

“मध्यावर मारलीस तर दोन सारखे तुकडे होतील, आणि दोन्ही एकाच सुरात बोंबलतील. लहानमोठे ठेव. मग त्यांचं जमत नाही.”

टकटकने बोटाने नवी खूण गिरवली. “हे माझ्या माहितीत नव्हतं. नोंद केली.”

संध्याकाळपर्यंत सरस वाळला. पेट्यांत जुन्या घोंगडीचे तुकडे घातले, म्हणजे मागून निघालेला आवाज आतल्या आत विरावा. तहसीनने पेटी ठोकली. ठक. आणखी कुठेही ठोका, नुसते ठक! तिने श्वास रोखून दोन्ही पेट्या काट्यावर ठेवल्या. तीन किलो नऊशे चाळीस ग्रॅम.

पेट्या शनिवारच्या यानातून गेल्या. आठवड्याभराने आपाचा निरोप आला. मागे तानपुरा वाजत होता आणि कोणीतरी बेसूर साथ करत होते.

“हा आमचा डॉक्टर गातोय, त्याला माफ करा!” आपा हसत होती. “नाना, कालपासून सगळे एकाच खोलीत बसतो. मी डोळे मिटले आणि तुम्ही शेजारी बसून तारा छेडताय असं वाटलं. पेट्यांचा आवाज तर आलाच नाही!”

‘आवाज आलाच नाही’ ही शाबासकी नानांना पन्नास वर्षांत पहिल्यांदाच मिळाली होती. ते लाजून टोपी नीट करू लागले.

“आणि पुढच्या यानातून तानपुऱ्याच्या भोपळ्याचं बी पाठवा,” आपा सांगत होती. “इथे वजन सहावा हिस्साच भरतं. वेलावरचा भोपळा केवढा वाढेल, कोण जाणे.”

तहसीनने टेबलावरचा सर्दी झालेला भोपळा उचलला, कानाशी धरला आणि हळूच वाजवला. मग टकटककडे वळून म्हणाली, “चंद्रावरचा भोपळा कुठल्या सुरात बोलेल रे?”

“माझ्या माहितीत नाही,” टकटक म्हणाला, आणि त्याचे लोखंडी बोट आपोआप हवेत वाजले. टक, टक.