पाय सोडल्यावर येणारा आवाज

बसा, पण मला शांतपणे सांग म्हणू नका. एरवीही मला ते जमत नाही, आणि सखारामचं नाव निघालं की मुळीच नाही.

माझं गॅरेज हातखंब्याला. पर्यटकांना फिरवणारे विनीतशेट त्यांच्या गाड्या माझ्याकडेच पाठवायचे. त्यातली एक फोर बाय फोर सखाराम चालवायचा. म्हणजे इंजिनाची ताकद पोटाखालच्या लांब शाफ्टवरून मागच्या चाकांनाही जाते, तशी गाडी. मे महिन्यात तो आला आणि म्हणाला, मागून गुणगुण येते, घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला की वाढते. मी काय करावं? गाडी सपाट हायवेवर दामटून आणली. आवाज नाही. चारचौघांत त्याला म्हणालो, कान धुऊन ये. तो बिचारा हसला. उताराचा आवाज सपाटीवर शोधणारा मी, म्हणे तीस वर्षांचा मेकॅनिक! थू माझ्यावर. त्याने विनीतशेटनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, सीझन संपू दे, मग बघू.

आठव्या दिवशी भर दुपारी आंबा घाटात गाडी दरीत गेली. पाहुण्यांना कोल्हापूरला सोडून तो एकटाच परतत होता. जागीच गेला. आणि चिता विझते न विझते तोच शेट सांगत सुटले, सखारामला डुलकी लागली. बावीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला झोपाळू ठरवून मोकळे. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण तोंड उघडलं नाही. कारण उघडलं असतं तर माझंही नाव आलं असतं.

मोडकी गाडी क्रेनने माझ्याच दारात आणून टाकली. शेटचा फोन आला की गाडीत दोष नव्हता असं लिहून दे, पोलिसांना हवंय. त्याच दुपारी सखारामची मुलगी आली, वेदिका. नर्सिंग शिकते. वाडीतल्या बायका तिला तोंडावर विचारत होत्या, बाबा रात्री जागायचे का गं?

ती एवढंच म्हणाली, "भिकाजीकाका, बाबा झोपले नव्हते. तुम्ही गाडी उघडून बघा, मग काय ते लिहा."

टळटळीत ऊन होतं. गाडी मागून जॅकवर उचलली. इंजिन चेमटलेलं, बॅटरीचा पत्ता नाही. मागचं चाक फिरवायला गेलो तर दोन्ही चाकं जाम. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, ही आमची जुनी सवय. हात आपसूक मागच्या डिफरन्शियलवर गेला, म्हणजे शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा मधला लोखंडी गोळा. मेलेल्या गाडीत ऐकणार काय, कप्पाळ?

आत गुणगुण होती.

बारीक... एकसारखी. मी घाबरलो नाही, आधी चिडलो. हायवेवरच्या ट्रकची थरथर असेल म्हटलं. ट्रक गेला. गुणगुण राहिली. लांब शाफ्ट सोडवून बाजूला ठेवला, म्हणजे पुढून मागे काही येण्याचा प्रश्नच मिटला. पुन्हा कान लावला. आवाज वाढला होता. जळक्या ऑइलचा वास यायला लागला, आणि लोखंड तर हाताला गार.

"काका... काय ऐकू येतं?"

स्क्रूड्रायव्हर मी तिच्या हातात दिला नाही. म्हटलं, "बाय, तुझा बाप खरं बोलत होता. माझं चुकलं."

ऑइल काढलं तर त्यात लोखंडाचा चमचमता चुरा. झाकण उघडलं. आतलं बेअरिंग फुटून तुकडे दात्यांत अडकले होते. वळणावर मागची चाकं एकदम आवळली असणार, मग कुठला ड्रायव्हर काय करील? एका दिवसाचं काम होतं हो. बेअरिंग बदलायचं, ऑइल भरायचं, संपलं. एक दिवस मिळाला नाही त्याला.

सगळं जसंच्या तसं लिहिलं. शेटचं 'सीझन संपू दे' लिहिलं, माझं 'कान धुऊन ये'ही लिहिलं. वेदिकाला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो आणि सही केली. तिने कागद दोनदा वाचला. परत येऊन त्या लोखंडाला कान लावला. काही नाही. वाटलं, सुटलो.

दिवेलागणीला विनीतशेटचा फोन. जबाबाचं कळलं असणार, म्हणून मी शिव्या तयार ठेवूनच उचलला. पण त्यांचा आवाज अगदी खाली गेलेला.

"भिकाजी... माझी गाडी अंगणात उभी आहे. चावी माझ्या हातात आहे... तरी आतून काहीतरी... तू ऐक. तू सांग हे काय आहे..."

भोगा आता, असं म्हणणार होतो. तेवढ्यात त्यांनी फोन गाडीजवळ धरला.

या वेळी मी नीट ऐकलं. तीच गुणगुण, पाय सोडल्यावर वाढणारी. शपथेवर सांगतो, अंगणात उभी असलेली ती गाडी चौथ्या गियरमध्ये होती, उताराला लागलेली... आणि चालवणारा अजून ब्रेक मारत नव्हता.