रविवारीही दाढी

गावाची बस चुकली म्हणून पुष्पांजली आमगावच्या कुशल साउंड सर्व्हिसमध्ये टेकली, आणि टेकली ती नेमकी दुरुस्तीला खोललेल्या मोठ्या स्पीकरला. छातीतलं मशीन गप्प झालं.

तिची उदासी गोळ्यांना दाद देईना, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली ते बसवलं होतं. दर पाच मिनिटांनी ते मानेतली नस अर्धा मिनिट चेतवायचं, आणि तेवढा वेळ तिचा आवाज सर्दी झालेल्या बेडकासारखा व्हायचा. गुण यायला वर्षही लागेल, डॉक्टर म्हणाले होते. स्पीकरच्या चुंबकाने मशीन थांबतं, लांब राहा, हेही म्हणाले होते. सात महिने झाले. बेडूक तेवढा आला होता.

दुसऱ्या दिवशी बस चुकली नव्हती, तरी ती आली. स्पीकर छातीशी धरून बसली. मग रोजच.

"तीन हप्ते झाले, स्पीकरले मिठी मारून राहिल्या तुम्ही," कुशल सोल्डर मारता मारता म्हणाला. "मालक इथं रिकामा बसला हाय..."

ती हसली नाही. हसणं कुठे ठेवलंय, तिलाच आठवत नव्हतं.

"मी तुमच्यासाठी नाही येत."

"मंग कायले?"

तिनं मशीनचं सगळं सांगितलं. "हे बंद असलं की बरं व्हायची वाट पाहावी लागत नाही. थकली मी. आता कायमचंच बंद करायला सांगीन डॉक्टरले."

कुशलनं हनुवटीवरून हात फिरवला.

"म्हणजे मी रोज दाढी करून राहिलो, ते..."

"हो."

"रविवारीही केली, जी."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक स्टूल, स्क्रू पिळायचा एक लोखंडी पेचकस आणि कुशल. सगळे स्पीकर रस्त्यापलीकडे, केवलराम सायकलवाल्याकडे. गिऱ्हाइकंही तिकडेच.

"आता इथं काय आहे?"

"मी. पेचकस लावून पाहिला छातीले. चिटकत नाही."

तिनं पलीकडे पाहिलं. रस्ता आठ पावलांचा... ती स्टुलावर बसली.

पाच मिनिटांनी मशीननं गळा आवळला.

"काही वाटते का?"

"नाही," बेडूक म्हणाला.

"बरं."

पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा नाही. दारासमोरून बस निघून गेली.

"तुमची बस गेली," तो म्हणाला.

गळा पुन्हा आवळत होता. आवाज नीट व्हायची वाट न पाहता ती म्हणाली, "उद्याही चुकन... वाटते."