गाडीचं पाणी

गाडी जुनी होती, पण तिच्याबद्दल वाकडा शब्द काढायची घरात कुणाची छाती नव्हती. निवृत्त ड्राफ्ट्समन आणि त्याची बायको रोज संध्याकाळी तिच्यातूनच तलावापर्यंत जाऊन येत. गेल्या वर्षी बायकोच्या अंगात ताप असा ठाण मांडून बसला होता, की डॉक्टरांनीही हात टेकले होते. मग एक दिवस तो आपला आपण उतरला. आता तिच्या गालांवर तुकतुकी होती, जीभ पूर्वीसारखी चुरूचुरू चालत होती, आणि नवऱ्याला आयुष्याकडून आणखी काही नको होतं.

फक्त तिचा ताप उतरला त्याच सुमारास गाडी तापायला लागली. तलाव दिसायच्या आत तापमानाचा काटा तांबड्यात जाई. इंजिन गार झाल्यावर झाकण काढावं, तर रेडिएटर निम्मा रिकामा. भरावा, तर दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

"माझा ताप हिला चिकटला हो," बायको म्हणे आणि स्वतःच हसे.

तोही हसे. मात्र त्याने जन्मभर पाइपलाइनचे नकाशे काढले होते. आत शिरलेलं पाणी कुठून तरी बाहेर पडतंच, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

गॅरेजच्या मिस्त्रीने सगळं तपासलं. पंखा फिरत होता, थर्मोस्टॅट वेळेवर उघडत होता, पंप ठणठणीत. ऑइलमध्ये पाण्याचा थेंब नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. रेडिएटरला हातपंप लावून दाब दिला, तर दाब तसूभर उतरला नाही.

"काका, गाडी गळतच नाहीये," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला. "पण पाणी तर जातंय!"

शेवटी त्याने पाण्यात गळती शोधायचा रंग घातला आणि बायकोलाही बसवून तिघं एक फेरी मारून आले. हा रंग जिथून झिरपेल तिथे निळ्या टॉर्चच्या उजेडात हिरवा चमकतो. मिस्त्रीने गॅरेजचं शटर ओढलं. बॉनेटखाली काही चमकलं नाही. जमिनीवर नाही, पाइपांच्या जोडांवर नाही.

"आत पायाशी बघा जरा. हीटरमधून झिरपत असेल," म्हणून त्याने टॉर्च नवऱ्याच्या हातात दिली.

बायको पुढच्या सीटवर आरामात बसली होती. नवरा गुडघे टेकून तिच्या पायाशी वाकला.

"लग्नात पाया पडला नाहीत ते आज का?"

"गप्प बस गं. पाय उचल."

पण ती खदाखदा हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्यालाही हसू आवरेना. तिची खोडी काढायला त्याने टॉर्च तिच्या तोंडावर धरली.

तिच्या गालावरून ओघळणारा थेंब हिरवा चमकत होता.

त्याने टॉर्च विझवली. पुन्हा लावली. दुसरा थेंबही तसाच.

"काय झालं हो?"

"काही नाही."

पाणी कुठे जातंय ते त्याला कळलं होतं. कसं जातंय, हे विचारायची त्याला गरजच वाटली नाही. जाऊ दे. जन्मभर रोज भरीन, त्याने मनाशी म्हटलं, आणि त्याला खरोखर आनंद झाला.

तो बाहेर आला. "मिस्त्री, राहू द्या. आहे तशी चालवतो मी."

"आता कशाला?" मिस्त्री रिकामा डबा हलवत म्हणाला. "गळती बुजवायचं औषध ओतलं मी. दिसत नसली तरी आतून बुजते. एव्हाना पक्कं बसलंही असेल."

"काढता येईल?"

"काढायचं? काका, इंजिन फुटेल, पण हे सुटायचं नाही."

इंजिन सुरूच होतं.

ते परत निघाले. तलाव आला, मागे पडला. काटा मधोमध उभा होता. नवरा त्याच्यावरून नजर हलवत नव्हता.

"बघा, झाली ना नीट?" बायको समाधानाने म्हणाली. खिडकीतून वारा येत होता. तिने गिअरवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

त्याला चटका बसला. त्याने हात काढला नाही.

"अगंबाई," ती म्हणाली, "किती गार लागतोय हो तुमचा हात."