गल्लीगजाचे तुकडे

फोन आला तेव्हा उपनिरीक्षक मेहजबीन इनामदार सकाळपासूनची तिसरी तक्रार लिहून घेत होत्या. खराडीतल्या एका गेम स्टुडिओत म्हणे कुणीतरी रणगाडा फोडला होता.

"रणगाडा?" त्यांनी दोनदा विचारलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

स्टुडिओतल्या खोलीत फरशीभर करडे तुकडे पसरले होते.

"हा गल्लीगज," मालकीण तनुजा म्हणाली. "आमच्या नव्या गेममधला. दीडशे वर्षांनंतरच्या पुण्यात पेठांमध्ये लढणारा. बोळात वळता यावं म्हणून तोफ आखूड, भिंती पाडायला पुढे फाळ. पृथ्वीराजने संगणकावर रेखाटला आणि कासिमभाईंनी त्याचं मॉडेल शिसवी लाकडात कोरून करडं रंगवलं. चार महिने खपून."

कासिमभाई बाहेर बाकावर बसले होते. दारातून एकदाच पाहून त्यांनी पाठ फिरवली होती.

"कुलूप?"

"शाबूत. किल्ल्या तिघांकडे. मी, पृथ्वीराज आणि साफसफाईच्या यमुनाबाई. मी आजच सकाळी नाशिकहून आले."

पृथ्वीराज घड्याळ बघत होता. "मॅडम, यात शोधायचंय काय? बाईंचा धक्का लागला, पडला. झाडून घेऊ द्या, पाहुणे येतायत."

मेहजबीन यमुनाबाईंकडे वळल्या. "तुम्ही सांगा."

"म्या नाय पाडला, ताई. शनिवारी खालची धूळ पुसायची हुती, तर वॉचमनला हाक मारली. दोघांनी कसाबसा उचलला. आज दार उघडलं तर ह्यो असा. बाईसायबांना सांगितलं, तर म्हनल्या, उद्यापासून येऊ नका."

"रविवारी?"

"रविवारी हाफिस बंद असतंय."

मेहजबीन वाकल्या. पाठीतून कळ गेली. त्यांनी तोफेचा तुकडा उचलून तळहातावर तोलला. मोडलेल्या कडेवर केसासारख्या बारीक समांतर रेघा होत्या. शेजारच्या काचेच्या खोलीत एक यंत्र दिसत होतं.

"ते काय?"

"थ्रीडी प्रिंटर," तनुजा म्हणाली. "पृथ्वीराजशिवाय कुणाला चालवता येत नाही."

"कासिमभाई, जरा आत या. हे हातात धरा."

म्हाताऱ्याने नाइलाजाने तुकडा घेतला. बोटं फिरवली आणि मान वर केली. "बेटा, हे लाकूडच नाही!"

"नाहीच," मेहजबीन थकल्या आवाजात म्हणाल्या. "दोघांना जेमतेम उचलता आलेली शिसवी वस्तू यमुनाबाईंच्या धक्क्याने कशी पडेल? पडली तरी असा चुरा होईल? हे थरावर थर छापलेलं प्लास्टिक आहे, वरून रंगवलेलं. चोरी झाली की शोध घेतात, फुटलं की केरसुणी घेतात. म्हणून तुम्हाला झाडायची घाई, पृथ्वीराज. रेखाटन तुमचं, प्रिंटर तुमच्या हातात, किल्ली खिशात, रविवारी ऑफिस रिकामं. गाडीची डिकी उघडता?"

पृथ्वीराज खुर्चीत कोसळला. "ट्रॉलीवर सरकवून लिफ्टने खाली नेला," तो पुटपुटला. "डिझाइन माझं आणि पोस्टरवर नाव स्टुडिओचं. नोकरी सोडताना मला तो हवा होता."

"आणि कोरणारे हात कुणाचे?" कासिमभाईंनी विचारलं.

पृथ्वीराजने गाडीची किल्ली पुढे केली.

डिकीत चादरीत गुंडाळलेला गल्लीगज सापडला. तनुजाने यमुनाबाईंपुढे हात जोडले. "चुकलं माझं. उद्या या हं."

यमुनाबाईंनी कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"हितंच ठिवते. उद्या दुसरं काय फुटलं, तर पुन्हा माज्याकडंच बघाल."

त्या जिना उतरून गेल्या. मेहजबीन त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून पंचनामा लिहायला बसल्या.