सतरा नंबरचा दिवा

बरोबर सात वाजता कागदी दिव्यांच्या प्रदर्शनातले सगळे दिवे पाच मिनिटांसाठी मालवले गेले, आणि पुन्हा लागले तेव्हा सतरा नंबरच्या जागी वायरला नुसता बल्ब लटकत होता. त्याच्यावरचा कागदी दिवा नाहीसा झाला होता.

हा अंधार ठरलेलाच होता. नदीवरची रोषणाई सुरू होण्याआधी लोकांचे डोळे सरावावेत म्हणून तो करायचा, असं तिकिटावर छापलेलं होतं. बाळ आपल्या आत्याला घेऊन सहज फिरायला आला होता. चाळिशी उलटून टक्कल पडायला लागलं, तरी आत्याच्या लेखी तो बाळच. आत्या खाजगी तपासाची कामं घेई आणि बाळ तिची गाडी चालवी. तिच्यामागे तो नेहमी जरा उशिराच पोचे, पायांनीही आणि डोक्यानेही.

दारातून आत येणारी एक बाई तो उघडा बल्ब पाहून धावतच पुढे आली. दिवा तिच्या मुलीने केला होता, शेवटच्या आजारपणात, अंथरुणावर बसून. मुलीला जाऊन वर्ष झालं होतं. प्रदर्शनाचा आज पहिलाच दिवस. बाई दारात पाहुण्यांच्या वहीवर सही करायला थांबली, नवरा पुढे गेला, आणि ती आत यायच्या आधीच अंधार झाला.

आत्याने दारं बंद करायला लावली. रखवालदाराने पिशवी न् पिशवी उपसली, पण घागरीएवढा दिवा कुठेच सापडेना.

"तो मला परत हवा," बाई म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलेलं आम्ही तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. बरं व्हायचंय म्हणून ती दिवा करत बसायची. हसत गेली माझी पोर. तेवढ्या एका गोष्टीवर मी जगतेय."

आत्याने वायरमनला बोलावलं.

वायरमन आधीच घाबरलेला. अंधारात तो मुख्य बटणापाशी होता, शेजारी रखवालदार होता. दिव्याला हात लावला तो संध्याकाळी सहाला, बल्ब बदलायला.

"का बदललास?" आत्याने विचारलं.

"घरून आलेला फारच मिणमिणता होता. होल्डरला त्या मुलीच्याच हातची चिठ्ठी होती, हाच बल्ब लावावा म्हणून. पण प्रदर्शनात असा अंधूक दिवा बरा दिसतो का? मी चांगला मोठा लावला."

मग मुलीची मैत्रीण आली. हा दिवा तिने मागितला होता आणि मुलीच्या आईने दिला नव्हता, म्हणून बाळचा तिच्यावरच संशय होता. दिव्याची खडान्‌खडा माहितीही तिलाच होती. कागद दुहेरी होता आणि आतला थर मुलगी कुणाला बघू देत नसे. वरची दोरी सोडली की दिवा वहीसारखा सपाट मिटे. पण अंधार झाला तेव्हा ती दारात होती, मुलीच्या आईचा हात धरून. आईनेही तेच सांगितलं.

शेवटी वडील. आयुष्यभर पुस्तकांची बांधणी केलेला माणूस, बोटं अजून सफाईदार. गर्दीने हॉल तापला होता, कपाळावरून घाम ओघळत होता, तरी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. अंधार होईपर्यंत आपण दिव्यासमोरच उभे होतो, हे त्यांनी कबूल केलं. मग हात जोडून म्हणाले, "आता शोध पुरे करा. मिळायचा नाही तो."

आत्याने आईवडिलांना ऑफिसच्या खोलीत नेलं आणि बाळला दार लोटायला सांगितलं.

"चोराने बल्ब ठेवला, कागद नेला," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे त्याला कागदच हवा होता. पाच मिनिटांत, अंधारात, न फाडता तो मिटवला. ही रीत वायरमनला माहीत नव्हती. मैत्रिणीला होती, पण ती दारात होती. पिशव्यांत दिवा नाही, म्हणजे तो कुणाच्या तरी अंगावर आहे. एवढ्या उकाड्यात एकानेच कोट घट्ट लावलाय. आणि तो परत मिळू नये असं वाटणारंही एकच माणूस आहे."

बाई नवऱ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही? वर्षभर घरातच तर होता दिवा. आजच का?"

आत्याने आधी वडिलांकडे पाहिलं. तिला असं अडखळलेलं बाळने कधी पाहिलं नव्हतं.

"आज बल्ब मोठा होता," ती अखेर म्हणाली. "मुलीने लावलेल्या घरच्या मिणमिणत्या बल्बात जे दिसत नव्हतं, ते यांना आज दिसलं. दोन कागदांच्या मधलं. तुम्ही आत यायच्या आधी त्यांना ते लपवायचं होतं."

"काय होतं मधे?"

वडिलांनी कोट आणखी घट्ट धरला. बाईने स्वतःच त्यांच्या कोटाची बटणं काढली, मिटलेला कागद घेतला आणि खोलीतल्या ट्यूबलाइटसमोर धरला. पेन्सिलीची अक्षरं बाळलाही वाचता आली.

'आई-बाबा, रिपोर्ट मी वाचलाय. दाराआडचं आईचं रडणं ऐकू येतं. तुम्ही हसता म्हणून मीही हसते. पण मला फार भीती वाटते.'

आत्याने आजवर एकही प्रकरण अर्धवट सोडलं नव्हतं आणि बाळला त्याचा केवढा अभिमान. आज पहिल्यांदा त्याला वाटलं, ती हरली असती तर बरं झालं असतं.

"तू ज्या गोष्टीवर जगतेस, तीच जात होती गं," वडील कसेबसे म्हणाले. "मग काय करू मी?"

बाईने कागद खाली घेतला नाही. "ती एकटीच भीत होती," ती म्हणाली. "आणि मी समोर बसून हसत होते. एकदा म्हणाली असती, तर कुशीत घेऊन तिच्याबरोबर रडले असते हो."

वडील तिच्याजवळ गेले. इतके दिवस दोघंही एकमेकांपासून लपून रडत आली होती. आज ती एकमेकांसमोर रडली.