बिनबियांचा कोपरा

"डॉक्टर, ही दाढ... आणि हा तिचा मारेकरी," असं म्हणत मास्तरांनी रुमालाची गाठ सोडली. रुमालात दाढेचा एक तुकडा होता आणि त्याच्या शेजारी, काहीच घडलं नसल्यासारखी, चेरीची एक बी.

डॉक्टरीण बघतच राहिली. आदल्याच आठवड्यात शिंपीणकाकू अशीच बी आणि असाच तुकडा घेऊन आल्या होत्या.

"कुठे खाल्लंत हे?"

"समोरच्या बेकरीत. चेरीचं, भट्टीत भाजलेलं कस्टर्ड." मास्तरांनी गालावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "पण त्याला रागावू नका हं... कस्टर्ड फार सुरेख होतं."

आता मात्र हद्द झाली! दात तुटलेला माणूसच दात तोडणाऱ्याची वकिली करतोय! तिने मास्तरांची दाढ तात्पुरती बुजवली, बी मुठीत घेतली आणि अंगातला पांढरा कोट न काढताच तरातरा रस्ता ओलांडला.

बेकरीत शिरताच भट्टीची ऊब तोंडावर आली. काचा वाफेने धुरकटलेल्या होत्या. ओट्यामागे एक उंच माणूस अंडी फेटत उभा होता. त्याच्या एका भुवईला पीठ लागलं होतं, त्यामुळे ती भुवई सतत काहीतरी विचारतेय असं वाटत होतं. डॉक्टरणीने ती बी त्याच्यासमोर टक्कन आपटली.

"ही तुमची?"

त्याने बी उचलून उजेडात धरली. "आमचीच. कुठे भेटली?"

"मास्तरांच्या दाढेत."

"अरेरे! मास्तर बरे आहेत ना?"

"मास्तर बरे आहेत, दाढ गेली. चेरीच्या बिया काढायला काय होतं तुम्हाला? आळस?"

त्याचा चेहरा असा झाला, की जणू तिने त्याच्या सात पिढ्या काढल्या. फेटणं थांबलं.

"आळस? अहो, बी काढली की चेरी फुटते, रस खाली उतरतो आणि कस्टर्डचा होतो चिखल. आणि वास? वास सगळा बीत असतो. नुसतं दूध, अंडी, साखर आणि मूठभर मैदा, त्याला कसला आलाय वास! थांबा, दाखवतो."

त्याने मोठ्या चौकोनी ट्रेमधून एक तुकडा कापून तिच्या नाकाशी धरला. कोमट दूध, जळल्या साखरेची कड आणि त्याच्या आड कुठेतरी बदामासारखं काहीतरी... तिला तो वास आवडला, आणि आवडला म्हणून तिला जास्तच राग आला.

"खा गं, खा," कोपऱ्यातल्या स्टुलावरून त्याची आत्या म्हणाली. उन्हाळ्यात बरण्या भरभरून चेऱ्या पाकात मुरवायच्या, हे तिचं खातं. "माझी तर कवळी आहे, ती नाही तुटली अजून."

"बिया काढल्याशिवाय मी याला तोंड लावणार नाही!" डॉक्टरणीने मान इतकी जोरात हलवली, की अंबाडाच सुटला. पिना ओट्यावर विखुरल्या. तिने त्या कशाबशा गोळा केल्या आणि लालबुंद चेहऱ्याने निघून गेली. एक पिन मागे राहिली, हे तिला त्या वेळी कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बेकरीचं शटर अर्धं खाली आलेलं असताना, तो दवाखान्याच्या दारात उभा राहिला.

"येता का? खाऊन बघा. बी सापडली तर दुकानाला कुलूप लावतो."

ती गेली. जपून, जिभेने चाचपत तिने पहिला घास घेतला. बी नाही. दुसऱ्यातही नाही. बशी पुसून खाल्ली तरी नाही.

"शेवटी ऐकलंत तर!" ती विजयाने म्हणाली.

"हं," तो म्हणाला आणि भट्टीकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. हरल्यामुळे झाले असतील, असं तिला वाटलं.

मग ती रोजच दुपारी जाऊ लागली. सकाळचे रुग्ण संपायचे, बेकरीतली गर्दी ओसरलेली असायची, बशा धुऊन पालथ्या पडलेल्या असायच्या, आणि एक तुकडा तिच्यासाठी झाकून ठेवलेला असायचा. दातांच्या बाबतीत तो भित्रा निघाला. एकदा दात साफ करून घ्यायला आला तेव्हा खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. त्याच्या तोंडात आरसा घालून तिने अगदी सहज विचारलं होतं, "लग्न का नाही केलंत अजून?"

"आँ... आँआँ..."

"आँ म्हणजे? कुणी मिळाली नाही, की कुणाला विचारलंच नाही?"

"आँ!"

चूळ भरून झाल्यावर तो कळवळून म्हणाला होता, "डॉक्टर, हा अन्याय आहे. माणसाला आ करायला लावायचं आणि मग असले प्रश्न विचारायचे!" ती हसता हसता खुर्चीला टेकली होती. त्याने मात्र त्या प्रश्नाचं उत्तर नंतरही दिलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही, कारण उत्तर भलतंच निघालं तर काय, ही तिला भीती होती.

आणि मग सरांचा फोन आला. ती ज्यांच्या हाताखाली शिकली, ज्यांचा हा दवाखाना, ते सर. दुसऱ्या शहरात त्यांनी मोठं हॉस्पिटल उभारलं होतं. "तुझी जागा तयार आहे. इथला दवाखाना दुसऱ्या कुणाला देऊ. आज काय ते कळव," ते म्हणाले.

चांगली संधी होती. कुणीही आनंदाने उडी मारली असती. तिला मात्र एवढंच हवं होतं, की कुणीतरी 'जाऊ नका' म्हणावं. हे कुणीतरी म्हणजे नेमकं कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो म्हणाला तर राहायचं, नाही म्हणाला तर बॅग भरायची, असं मनाशी ठरवून ती दुपारची वाट न बघता भर गर्दीच्या वेळीच बेकरीत गेली.

आत सगळी टेबलं भरलेली. मास्तरही होते, नव्या दाढेसकट. तो ट्रे पुढ्यात घेऊन भराभर तुकडे कापत होता.

"आज लवकर?" त्याचा चेहरा उजळला.

"मी... चाललेय बहुतेक," ती म्हणाली. "सरांनी बोलावलंय. कायमचंच. आजच उत्तर द्यायचंय."

सुरी जागच्या जागी थांबली. ती वाट बघत राहिली. म्हण ना... काहीतरी म्हण.

"छान," तो शेवटी म्हणाला. "मोठं हॉस्पिटल आहे म्हणे."

बस्स, एवढंच! त्याने एक तुकडा कापला, बशीत घातला आणि तिच्याकडे न बघता पुढे सरकवला. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ते कुणाला दिसू नये म्हणून तिने मोठा घास घेतला आणि रागारागाने चावला.

कट्!

आवाज इतका स्पष्ट आला, की शेजारच्या टेबलावर मास्तरांनी दचकून स्वतःचाच गाल धरला.

डॉक्टरणीच्या तळहातावर दोन वस्तू होत्या. एक चेरीची बी, आणि एक... तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले. दाढेचा तुकडा! तिच्या, दातांच्या डॉक्टरणीच्या दाढेचा! लोकांना जपून चावायला शिकवता शिकवता तिच्या दाताच्या कण्या झाल्या होत्या, आणि आज खरोखरीचीच कणी हातात आली होती.

"बी?" ती कशीबशी म्हणाली. "पण तुम्ही तर बिया काढता!"

"बिया काढतो?" मास्तर चकित होऊन म्हणाले. "कोण म्हणालं? हे बघा की!"

तिने बघितलं. मास्तरांच्या बशीच्या कडेला बियांची रांग होती. शिंपीणकाकूंच्या बशीतही. पलीकडच्या टेबलावर, खिडकीशी, सगळीकडे... प्रत्येक बशीत बिया! आणि इतके दिवस ती ज्याला त्याला सांगत सुटली होती, की बेकरीवाल्याला मी कसा सुतासारखा सरळ केला म्हणून!

"आता बशी देतानाच सांगतो हा, बी आहे, जपून चावा," शिंपीणकाकू म्हणाल्या. "म्हणून तर आमचे दात शाबूत आहेत. तुला नाही सांगितलं?"

"मग मी रोज... माझ्या तुकड्यात..." तिने ओट्याकडे बघितलं. आणि बेकरीवाल्याचा चेहरा तर त्याच्या भुवईपेक्षा पांढरा पडला होता.

"अरे गाढवा!" आत्या स्टुलावरून ताडकन उठली. "मधला तुकडा दिलास तिला? तिचा कोपरा हा ना!" तिने ट्रेच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पहाटे उठून या एवढ्याशा कोपऱ्यातल्या चेऱ्यांच्या बिया काढत बसतो. चेरी फुटू न देता, एकेक करून. मी म्हटलं, अरे, सगळ्याच काढ मग. तर म्हणतो, सगळ्या काढल्या तर वास जाईल, नाही काढल्या तर ती जाईल. बाजूच्या चेऱ्यांचा वास तेवढा तिच्या कोपऱ्याला उसना मिळतो. आणि बिया कशाने काढतो, तेही दाखव की आता!"

मग आत्यानेच फळीवरचा पेला पुढे केला. पेल्यात एक केसांची पिन उभी होती.

"ही... माझी पिन!"

"उकळून घेतो रोज," तो घाईघाईने म्हणाला. "तुमच्या दवाखान्यात बघितलंय तसं."

डॉक्टरणीने पिनेकडे बघितलं. इतके दिवस आपण जिंकलो म्हणून जे खाल्लं, ते हे होतं! तिने गाल धरला आणि तिला सुचलं ते एकच वाक्य ती बोलली.

"टॉर्च आहे का? किती तुटलंय, ते बघायला हवं."

तो तिला आतल्या स्वयंपाकघरात घेऊन गेला. ती मैद्याच्या पोत्यावर बसली. तो टॉर्च घेऊन समोर वाकला.

"आ करा."

तिने आ केला. धावपळीत केस सुटलेले, डोळे ओले, तोंड सताड उघडं. आयुष्यात इतकं बावळट आपण कधी दिसलो नसू, असं तिला वाटलं.

"खालची डावी... मागून दुसरी. एक कोपरा उडालाय. बाकी दाढ जागेवर आहे." त्याने टॉर्च आणखी जवळ आणला. "अजून मोठा आ करा. आणि मिटू नका, मला एक विचारायचंय."

"आँ?"

"तुम्ही असंच विचारता ना, उत्तर देता येत नसताना? मग आज माझी पाळी." त्याने श्वास घेतला. "मघाशी मी छान म्हणालो, ते खोटं होतं. काही छान नाही. तुम्ही गेलात तर त्या कोपऱ्याचं मी काय करू? मला तुम्ही आवडता. त्या पहिल्या दिवशी बी आपटलीत ना, तेव्हापासून. लग्न का नाही केलं, विचारलं होतंत... तेव्हाही हेच सांगत होतो, तुम्हाला नुसतं आँ ऐकू आलं. जाऊ नकोस ना!"

"आँ!"

"आँ म्हणजे हो, की नाही?"

तिने तोंड मिटलं. शेगडीवर दूध उतू चाललं होतं. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

"काय म्हणालात शेवटी?"

तो गडबडला. "जाऊ नका... म्हणालो."

"नाही. 'नकोस' म्हणालास."

त्या 'म्हणालास'ने तो जागच्या जागी गार झाला. टॉर्च हातातून निसटून पोत्यावर पडला. तो काही बोलणार, इतक्यात तिच्या कोटाच्या खिशातला फोन वाजला.

"सर? हो, उत्तर द्यायलाच... सर, माझी दाढ तुटलीय. नाही, हसू नका ना! येते. फक्त दाढ दुरुस्त करून घ्यायला येते, राहायला नाही. हो, पक्कं ठरलंय."

फोन ठेवून तिने त्याच्याकडे बघितलं. तो अजून आ वासून उभाच होता.

"मिट आता तोंड," ती म्हणाली. "आणि ऐक. उद्यापासून माझ्या कोपऱ्यातही बिया राहू दे."

"वेडी आहेस का? उरलेल्या दाढा?"

"तू समोर बस आणि सांग, जपून चाव म्हणून. मलाही वास हवाय, पूर्ण. उसना नको." तिने मोकळे केस हातांनी गोळा केले, पीळ घातला आणि त्याच्याकडे पाठ केली. "आणि माझी पिन परत लाव."

त्याने पेल्यातली पिन काढली. चेरी फुटू न देता रोज अलगद बी काढणारा त्याचा हात इथे मात्र दोनदा चुकला.

"अरे, पिठाचे हात आधी पूस!" दारातून आत्या ओरडली. पण तोवर तिच्या काळ्या केसांवर त्याची चार पांढरी बोटं उमटली होती. ती बोटं तशीच मिरवत डॉक्टरीण सगळ्या टेबलांमधून चालत दवाखान्यात गेली, आणि संध्याकाळपर्यंत आलेल्या एकाही रुग्णाला तिने ती पुसू दिली नाहीत.